हिवाळ्यात सात वाजता बंद होणारे वाचनालय

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या दारावर हिवाळी कार्यक्रमपत्रिका लागली. २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनाचे अभिवादन, डिसेंबरभर दिवाळी अंक योजना, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती आणि मुलींची वक्तृत्व स्पर्धा, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि महिन्याच्या अखेरीस तीन दिवसांची व्याख्यानमाला. पत्रिका नेटकी होती. आम्ही तिचा फोटो काढून वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. थोड्याच वेळात तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला, "ताई, सगळ्यात खालची ओळ वाचली का?"

खालची ओळ अशी होती : हिवाळ्यामुळे वाचनालय सायंकाळी ८ ऐवजी ७ वाजता बंद होईल.

आम्ही वाचली नव्हती. म्हणजे नजर गेली होती, पण खटकली नव्हती. थंडीत दुकानेही लवकर बंद होतात, वाचनालय झाले तर काय बिघडले, इतकेच मनात आले असावे. काय बिघडते, हे कळायला त्या मुलीच्या घरी जावे लागले.

आपल्या समाजात वाचनाचेही ऋतू आहेत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे पठन चालते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. ज्यांना अक्षर येत नाही त्या आजीसुद्धा त्यात असतात आणि ते फार मोलाचे आहे. पण ते ऐकण्याचे वाचन. दिवाळीनंतर विहाराचा माईक बंद होतो आणि डिसेंबर येतो. ६ तारखेला चैत्यभूमीला जाऊन आलेल्या माणसाच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी एखादे तरी पुस्तक असते. शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवर घासाघीस न करता पुस्तक घेणारी, रोजंदारी बुडवून आलेली बाई आम्ही दरवर्षी पाहतो. देशात दुःखाच्या दिवशी इतकी पुस्तके विकत घेणारा दुसरा समाज आम्हाला तरी माहीत नाही.

ते पुस्तक घरी येते. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, वर पत्रे. उन्हाळ्यात तापणारे हेच पत्रे डिसेंबरात रात्री इतके गार पडतात की पहाटे त्यांच्यावरून पाणी ठिबकते. मराठवाड्यात पारा दहाच्या खाली उतरला की दार उघडे ठेवता येत नाही. मग आत चूल, टीव्ही, लहान भाऊ, खोकणारे आजोबा आणि एकच बल्ब. संध्याकाळी सहाला अंधार होतो. ती मुलगी दिवसा एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते, साडेपाचला सुटते, सहाला वाचनालयात पोहोचते. आठला बंद होते तेव्हा तिला दोन तास मिळत. सातला बंद झाले तर एक. हिशेब एवढाच आहे. भरतीची परीक्षा द्यायची तर रोजचा एक तास म्हणजे काय, हे ज्याने दिली आहे त्याला सांगायला नको.

राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पर्यायाला गोल करून भागत नाही, मुद्दे मांडून पानेच्या पाने लिहावी लागतात. त्यासाठी चार वृत्तपत्रांचे अग्रलेख, संदर्भग्रंथ, मागील वर्षांचे आर्थिक पाहणी अहवाल लागतात. शहरातला मुलगा ते विकत घेतो किंवा महिन्याचे पैसे भरून खासगी अभ्यासिकेत बसतो. आमच्या गावातही अशा दोन अभ्यासिका निघाल्या आहेत, रात्रभर उघड्या. तिथे खुर्ची मिळते, पंखा मिळतो, पुस्तक मिळत नाही. पुस्तक वाचनालयात आहे, आणि वाचनालय सातला बंद.

आम्ही आठवडाभर रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसलो. वृत्तपत्र विभाग मुक्तद्वार आहे, तिथे कोणीही बसू शकते. निवृत्त शिक्षक, बाजार समितीतले दोघेतिघे, पोस्टातले एक काका हे ठरलेले. खिडकीपाशी भरतीवाली मुले. देवघेव विभागासमोर दिवाळी अंक बदलून नेणाऱ्या गृहिणी, त्याही साडेसहाच्या आत. दिवस मावळल्यावर आमच्या वस्तीतल्या त्या मुलीखेरीज एकही मुलगी नव्हती. भिंतीवर सावित्रीबाईंचा मोठा फोटो आहे.

आता सातला का बंद होते? पहिला राग ग्रंथपालावर निघतो, आमचाही निघाला. पण आकडे पाहिले की राग दुसरीकडे वळतो. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली चालणारी ग्रंथालये बहुतांशी सरकारची नाहीत. ती स्थानिक संस्था चालवतात, सरकार वर्गवारीनुसार अ, ब, क, ड असे अनुदान देते. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली. त्या वाढीनंतर 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाच्या वाट्याला आले वर्षाला ४८ हजार रुपये. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातले साधारण निम्मे वेतनावर धरले तर ग्रंथपालाला महिना दोन हजार. रोजगार हमीवरच्या मजुराचा महिना याहून बरा निघतो. वरच्या वर्गांची रक्कम मोठी आहे, पण माणसेही जास्त आहेत, आणि पैसे हप्त्यांनी, अनेकदा उशिरा येतात. आमचे ग्रंथपाल सकाळी विम्याची कामे करतात, संध्याकाळी वाचनालय उघडतात. थंडीत सातला घरी जावेसे वाटले तर त्या माणसाला दोष देणे आम्हाला जमत नाही.

यातली दुसरी गोष्ट आपल्या समाजाने नीट पाहायला हवी. राज्यात अनुदान घेणारी ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, गावे चाळीस हजारांहून जास्त. २०१२ मध्ये ग्रंथालयांची मोठी पडताळणी झाली, कागदावरची बरीच ग्रंथालये उघडी पडली, आणि त्यानंतर नवीन मान्यता व दर्जावाढ दीर्घकाळ थांबली. पडताळणी योग्यच होती. पण दार बंद झाले तेव्हा आत कोण होते आणि बाहेर कोण? ज्या पेठांमध्ये शंभर वर्षांपूर्वीच पुस्तके, इमारत, देणगीदार आणि लिखापढी करणारी माणसे होती त्यांची वाचनालये आत होती. आपल्या वस्त्यांमध्ये पहिली पदवीधर पिढी वाचनालय काढायला सिद्ध झाली ती त्याच सुमारास, आणि तिच्यासमोर 'नवीन मान्यता नाही' हा कागद आला. कोणी जात विचारून हे केले नाही. उशिरा येणाऱ्याला रांगेत जागा नाही एवढेच झाले, आणि उशीर कोणाला का झाला हे आपल्याला ठाऊक आहे.

वस्तीतल्या मुलांना वाचनालयाचे सभासद करायला गेलो तेव्हा असाच एक नियम भेटला. पाचशे रुपये अनामत, आणि अर्जावर दोन विद्यमान सभासदांच्या सह्या. अनामत आम्ही जमवू शकलो असतो. पण सह्या? त्या मुलांच्या घरात, गल्लीत, नात्यात कोणीही सभासद नाही. झेरॉक्सवाल्या मुलीने तिच्या मालकाची एक सही आणली, दुसरी मिळेना. तोपर्यंत ती वृत्तपत्र विभागातच बसत होती, कपाटातले पुस्तक मागायची सोय नव्हती. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही 'सांस्कृतिक भांडवल' या शब्दावर परीक्षेत दहा गुणांची उत्तरे लिहिली होती. त्याचा अर्थ त्या अर्जाच्या तळाशी असलेल्या दोन रिकाम्या ओळींनी समजावला.

'सार्वजनिक' हा शब्द आपल्याला फुकट मिळालेला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात होते. महाडचे तळे त्या ठरावाने कागदावर खुले झाले, आणि प्रत्यक्षात ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागदावर खुले असणे आणि प्रत्यक्षात खुले असणे यांतले अंतर आपल्याइतके कोणी मोजलेले नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे उपकलम विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर पूर्णतः किंवा अंशतः सरकारी निधीतून चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागांबद्दल बोलते. अनुदानावर चालणारे वाचनालय अशीच जागा आहे, असे आम्ही मानतो. आजच्या वाचनालयात कोणी आपल्याला 'बाहेर हो' म्हणत नाही. दोन सह्या आणि सात वाजण्याचा ठोका हे काम शांतपणे करतात.

कार्यक्रमांना आमचा विरोध नाही. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा पंधरवडा राबवला. महाविद्यालये आणि ग्रंथालये त्यात उतरली, सामूहिक वाचन झाले, लेखकांशी संवाद झाले. चांगले झाले. फक्त एक अडचण आहे. कार्यक्रमाचा फोटो निघतो, अहवालाला जोडता येतो. सात ते नऊ जळणाऱ्या दिव्याचा फोटो कोणी मागत नाही. त्यामुळे हिवाळ्यात वाचनालये कार्यक्रमांनी भरतात आणि वेळेने आखडतात. व्याख्यानमालेच्या तीन रात्री हेच वाचनालय साडेनऊपर्यंत उघडे असते, बाहेर मंडप, गाद्या, वक्त्याला शाल. म्हणजे रात्री उघडे ठेवणे अशक्य नाही.

हे सगळे घेऊन आम्ही विहारात बैठक बोलावली. बैठक गरम झाली, थंडी असूनही. जुन्या कार्यकर्त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. त्यांच्या दारात कशाला जायचे? बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा तिच्या उद्देशांतच वसतिगृहे आणि वाचनालये होती. आपलेच वाचनालय काढू. विहाराशेजारी समाजमंदिर आहे, तिथे अभ्यासिका करू.

समाजमंदिर आहे, हे खरे. वस्ती विकास योजनेतून बांधलेले, चांगले प्लास्टरचे. त्याला कुलूप असते. किल्ली एका माजी नगरसेवकाच्या घरी. आत लोखंडी कपाट, कपाटात 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग अँड स्पीचेस'चे काही खंड, हार घातलेले. हे खंड किती दुर्मीळ झाले होते ते आठवा. २०२१ च्या डिसेंबरात त्यांची छपाई रखडल्याच्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. जे पुस्तक छापले जावे म्हणून न्यायालयाला बोलावे लागले, ते आमच्याकडे कपाटात बंद आहे. दुसऱ्याच्या कुलपाबद्दल लिहिताना आपले कुलूप लपवणे बरे नव्हे.

मुलांचे म्हणणे वेगळे होते. अभ्यासिका हवीच, पण त्यांना वृत्तपत्रे, संदर्भ विभाग, दोन संगणक, स्वच्छतागृह हे सगळे हवे, आणि ते उभे करायला वस्तीला दहा वर्षे लागतील. एक मुलगा म्हणाला, "तिथं बसलो की बाजार समितीवाले काका परीक्षेचं विचारतात. इथं कोण विचारणार?" हे वाक्य आम्ही अजून विसरलेलो नाही. बाबासाहेब लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसत. ते ग्रंथालय आपले नव्हते. ते जगाचे होते म्हणून आपले होते. आणि दादरच्या राजगृहात त्यांनी स्वतःचा ग्रंथसंग्रहही उभा केला. आमच्या मते दोन्ही करायला हवे, पण क्रम ठरवायचा झाला तर आधी सार्वजनिक वाचनालयावरचा हक्क. समाजमंदिराचे कुलूप आपल्या हातात आहे, ते केव्हाही उघडता येईल. वाचनालयाच्या नियमपुस्तकात आपण गेलो नाही तर ते आपल्याशिवायच छापले जात राहील.

याच बैठकीत ऊसतोडीचा विषय एका आजीने काढला. दसरा-दिवाळीनंतर वस्तीतली कितीतरी घरे कारखान्यावर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजी-आजोबांपाशी राहतात, काही बरोबर जातात. वाचनालयाच्या हिवाळी पत्रिकेत बालवाचकांसाठी कथाकथन होते, पण ते रविवारी सकाळी, पेठेत, आणि ही मुले त्या वेळी शेळ्यांमागे. आमची सूचना साधी आहे. वीस-पंचवीस पुस्तकांची पेटी भरून ती हंगामी वसतिगृहात आणि शक्य तर कारखान्याच्या तळावर महिनाभर ठेवायची, मग बदलायची. ही काही आमची अक्कल नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून बडोदे संस्थानात मोफत ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली तेव्हा अशाच लाकडी पेट्या गावोगावी जात. ज्या राजाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबियाला गेले, त्याच राजाच्या पेट्या. शंभर वर्षांनंतर आपल्याकडे मोबाइल आला म्हणून पेटी जुनी झाली, असे कोणी म्हणेल. तळावर चार्जिंगला रांग लागते, हे त्याने पाहिलेले नसेल.

आणखी एक मागणी आम्ही पुढे ठेवली, ती काहींना चैनीची वाटली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच निर्णयात पालीलाही दिला. मराठीचा पंधरवडा होतो, पालीचे एक कपाटही नाही. त्रिपिटकातील ग्रंथांची मराठी भाषांतरे आहेत, धर्मानंद कोसंबींची पुस्तके आहेत. एक फळी पुरेशी आहे. ती विहारात नको, वाचनालयात हवी, म्हणजे पोस्टातल्या काकांच्याही हाताला लागेल.

डिसेंबरच्या मध्यावर आम्ही कार्यवाहांना भेटलो. गृहस्थ सौजन्याचे, चहा दिला. वेळ वाढवायला मंडळाची हरकत नाही, पण माणूस नाही आणि विजेचे बिल परवडत नाही, असे ते म्हणाले. वस्तीने बिलाचा भाग उचलावा, असेही सुचवले. इथे आम्ही अडलो. वर्गणी निघाली असती, वस्तीने याहून मोठ्या वर्गण्या काढल्या आहेत. पण सरकारी अनुदान घेणाऱ्या जागेत दोन तास बसण्यासाठी एकाच वस्तीने वेगळे पैसे का भरायचे? ते आम्ही नाकारले. त्याऐवजी दोन प्रस्ताव दिले. व्याख्यानमालेच्या एका वक्त्याचा मानधन-प्रवासखर्च जानेवारी-फेब्रुवारीच्या दिव्यावर खर्च करावा. आणि आमच्यातली दोन माणसे आळीपाळीने सात ते नऊ थांबतील, दाखल नोंदवहीला हात लावणार नाहीत, फक्त दिवा आणि दार सांभाळतील. मंडळाने पहिला प्रस्ताव फेटाळला, दुसरा 'प्रायोगिक तत्त्वावर' मान्य केला, आठवड्यातून तीन दिवस, साडेआठपर्यंत. पेटीबद्दल 'बघू' म्हणाले. पालीच्या फळीबद्दल पुस्तकांची यादी मागितली, ती आम्ही दिली आहे.

३ जानेवारीला वक्तृत्व स्पर्धा झाली आणि त्याच संध्याकाळी पहिल्यांदा साडेआठपर्यंत दिवा राहिला. पाच मुली आल्या. घरी सोडायला गल्लीतल्या एका रिक्षावाल्या भावाने रिक्षा लावली. दुसऱ्या आठवड्यात पेठेतल्याही दोन मुली बसू लागल्या. त्यांच्या घरी जागेची अडचण नव्हती, पण रात्री वाचनालयात एकटीने बसण्याची सोय त्यांनाही कधी नव्हती.

दोन सह्यांचा नियम मात्र तसाच आहे. आम्ही संस्थेची घटना मागून घेतली आणि वाचली. नियम बदलायचा तर वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव लागतो, आणि मतदानाचा हक्क सभासदत्वाला पूर्ण वर्ष झाल्यावर मिळतो. पोस्टातल्या काकांनी आणि एका निवृत्त शिक्षकांनी बसून एका संध्याकाळी आमच्या सगळ्या अर्जांवर सह्या केल्या. कपाटातून पहिले पुस्तक त्या झेरॉक्सवाल्या मुलीने घेतले, महाराष्ट्राच्या भूगोलाचे. या वर्षी सभेत आम्ही मागे बसून ऐकू, हात वर करता येणार नाही. पुढच्या वर्षी येईल. ३१ मार्चनंतर वर्गणी भरायला उशीर झाला तर वर्ष पुन्हा मोजतात, म्हणून वस्तीतल्या सगळ्या नव्या सभासदांची वर्गणी फेब्रुवारीतच गोळा करायचे ठरले आहे.